वस्तीतला अभ्यासवर्ग पास की नापास?

पुष्कळ गावांतून महिला मंडळे वस्तीतल्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर अभ्यासवर्ग चालवतात. वर्षाअखेर कार्यक्रम होतो, मुले गाणी म्हणतात, बिस्किटे वाटली जातात आणि अहवालात 'साठ मुलांनी लाभ घेतला' असे छापून येते. मग सभेत एखादी विचारते, "अहो, पण मुलं शिकली का?" सगळ्या एकमेकींकडे बघतात. पुढच्या वर्षी वर्गणी काढायची की वर्ग बंद करायचा, हे ठरवण्याची पाळी ज्यांच्यावर आली आहे, त्या मैत्रिणींसाठी हे चार शब्द.

शाळेतले मार्क बघत बसू नका. प्रत्येक मुलाला एकेकटे जवळ बसवा. एका कागदावर सुटी अक्षरे, दुसऱ्यावर साधे शब्द, तिसऱ्यावर पहिलीच्या पुस्तकात शोभतील अशा चार ओळी, चौथ्यावर दुसरीच्या मुलाला झेपेल अशी छोटी गोष्ट. कुठवर वाचता आले, तेवढी खूण नावापुढे करायची. ही युक्ती काही माझ्या डोक्यातली नव्हे बरं का! खेड्यापाड्यांतून 2005 सालापासून होणारी 'असर' ही पाहणी अशीच करतात. जूनमध्ये एकदा आणि मार्चमध्ये एकदा. जूनची खूण नसेल तर मार्चची काय कामाची?

आता यातली खोच ऐका. वर्षभरात मूल थोडेफार शिकतेच, शाळा असतेच ना! तूप घातले म्हणून पोर उंच झाले, की वाढीचेच वय होते, हे कसे कळणार? शेजारच्या, तूप न खाणाऱ्या पोराकडे बघूनच. म्हणून वर्गाला न येणारी, त्याच वस्तीतली, त्याच इयत्तेतली थोडी मुलेही दोन्ही वेळा वाचून घ्या.

'प्रथम' संस्थेची 'बालसखी' योजना अशीच पारखली गेली. मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत, वस्तीतल्याच शिकलेल्या मुली मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे शिकवीत. (हे शाळेच्या वेळातच चाले, पण पारख शिकण्यासारखी आहे.) 2001 पासून अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासली. काही शाळांत तिसरीला बालसखी दिली, काहींत चौथीला, आणि कुठे कोणाला हे सोडतीसारखे ठरवले. बालसखी मिळालेले वर्ग पुढे गेले आणि सर्वांत जास्त फायदा झाला तो सर्वांत मागच्या मुलांना.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातली गोष्ट मात्र मला जास्त चटका लावते. तिथे गावातलेच तरुण शाळेबाहेर वाचनाचे वर्ग घेत. ज्यांना काहीच वाचता येत नव्हते, त्यांतली जी मुले आली ती अक्षरे तरी ओळखू लागली. म्हणजे वर्ग उत्तम! पण आली किती? गावातल्या शंभर मुलांत सुमारे आठ. एकही अक्षर न येणाऱ्यांतलीसुद्धा शंभरात जेमतेम तेरा.

तेव्हा हजेरीपटात कोण आहे यापेक्षा कोण नाही, ते आधी बघा. बहुधा दहा-बारा वर्षांची मुलगी नसते. का नसते? तिची आई संध्याकाळी सहाला आपल्याकडे भांडी घासायला येते आणि धाकटा भाऊ हिच्या कडेवर असतो. वर्गणी आपण वर्षातून एकदा देतो, आणि तिला घरी अडकवतो ते रोज! आपल्या कामवाल्या मावशींना सरळ विचारा, "तुमची लेक वर्गाला का येत नाही?" त्यांची वेळ तासभर अलीकडे-पलीकडे केली, किंवा धाकट्याला वर्गाच्या कोपऱ्यात बसू दिले, तर कदाचित जमेल. भांडी थोडा वेळ पडली तर काही बिघडत नाही हो.

आकडे वाईट आले तर लगेच शिकवणाऱ्या ताईंवर खापर फोडू नका. चौथीतली पण अक्षरे न येणारी मुलगी पाढे घोकणाऱ्यांत बसवली असेल, तर ताई काय करणार? इयत्ता विसरा, कागदावरच्या खुणेप्रमाणे गट पाडा, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा वाचून घ्या.

कागद मे महिन्यातच तयार ठेवा. अक्षर टपोरे असू द्या, आणि शब्दांच्या कागदावर जोडाक्षरे नकोत.