हाताचेच पंख

दिवेलागणीला घरात पाकोळी शिरली की तिथे जे रामायण घडते, ते वाचकांना सांगायला नकोच! कुणी केरसुणी उगारतो, कुणी छत्री उघडतो. "अहो, केसांत अडकेल!" हा आमच्या सौभाग्यवतींचा ठरलेला पुकारा. वास्तविक ज्या प्राण्याला अंधारात बारीकशी तारही पडसादावरून कळते, तो आमच्या विरळ केसांत कशाला अडकतो?

मी मराठीचा मास्तर. 'वाघळात वाघ कुठला?' या विद्यार्थ्यांच्या प्रश्नामुळे या प्राण्याच्या नादी लागलो. वाघ काही सापडला नाही. सापडला तो हात. वाघळाचा पंख म्हणजे खरोखर हातच आहे. आपलीच पाच बोटे. अंगठा मोकळा, बाकीची चार छत्रीच्या काड्यांसारखी लांबलेली आणि त्यांवर ताणलेली कातडी.

अमेरिकेत वायोमिंग येथे सापडलेल्या, सुमारे सव्वापाच कोटी वर्षांपूर्वीच्या एका वाघळाचे वर्णन २००८ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या पाचही बोटांना नखे आहेत! आजच्या वाघळांना ती अंगठ्याला, फार तर आणखी एका बोटाला. झाडावर चढणाऱ्या पूर्वजांची ही खूण असावी. उडता त्याला येत होते. पण कानाची घडण पाहून काही संशोधक म्हणतात, पडसादाची विद्या त्याला अवगत नव्हती. आधी भरारी, मग विद्या! इतरांना हे मान्य नाही. पंडितांचे वाद आमच्या स्टाफरूममध्येच असतात असे नव्हे.

मात्र या हाताला आपला हात लावू नये. २००२ साली स्कॉटलंडमध्ये वाघळांच्या रक्षणासाठी झटणारा एक गृहस्थ रेबीजच्याच कुळातल्या, वाघळांपासून होणाऱ्या रोगाने दगावला. प्रेमाने धरले म्हणून रोग चुकत नाही.

पाकोळी घरात आली तर पंखा बंद करावा, दिवा मालवावा, खिडक्या सताड उघडाव्यात. ती आपण होऊन जाते. जमिनीवर पडलेली असेल, तर जाड हातमोजे घालून वर खोके पालथे घालावे, खालून पुठ्ठा सरकवावा आणि तिन्हीसांजेला झाडाच्या बुंध्यावर उंच सोडावी. जमिनीवरून उडणे अनेकींना जड जाते. मुलांना मात्र लांबच ठेवावे.

चावली वा ओरखडली, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी लशीसाठी डॉक्टर गाठावा. तिचे दात इतके बारीक, की खूण दिसेलच असे नाही. म्हणून तान्हे बाळ निजलेल्या खोलीत ती सापडली, तरी डॉक्टरांना विचारावे. आजीबाईंची हळदीची चिमूट इथे पुरत नाही.