सूट रंगाला, शिसं आपल्याला

दोस्तांनो, सरकारनं रंगातल्या शिशावर बंदी आणली. 1 नोव्हेंबर 2016 ला नियम निघाले, वर्षानं लागू झाले. घरगुती आणि सजावटीच्या रंगात दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसं नको. ठीक. साहेबाच्या बाळाची भिंत सुरक्षित झाली. आम्हाला आनंदच आहे, बाळ कुणाचंही असो.

पण मेख नियमाच्या नावातच आहे. 'घरगुती आणि सजावटीचे रंग'! म्हणजे यंत्राला, पुलाला, कारखान्यात मारायचा रंग बंदीबाहेर. त्यात शिसं चालतं. का? तर लोखंड गंजत नाही, पिवळा भडक दिसतो, मालकाला परवडतं. शेंदूर म्हणजे तरी काय, शिशाचीच भुकटी. दगडाला फासला की देव, लोखंडाला फासला की प्रायमर.

आणि हा रंग मारतो कोण, खरवडतो कोण? गॅरेजात पॉलिशपेपर घेऊन बसलेली पोरं आपली. मुंबईच्या दारूखान्यात जुन्या जहाजांचे पत्रे गॅसनं कापताना रंगाचा जो धूर निघाला, तो आपल्याच माणसांच्या छातीत गेला. शिसं हाडात जाऊन बसतं, वर्षानुवर्षं. पोटात कळा येतात, रक्त कमी होतं, मनगटातला जोर जातो. कामाचे कपडे घरी येतात, त्यांच्याबरोबर धूळ येते, आणि दहा बाय दहाच्या खोलीत पोरगं त्याच धुळीत रांगतं. पोराच्या मेंदूला शिशाची कुठलीच मात्रा सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उद्या शाळेत मास्तर म्हणणार, ह्यांच्या पोरांना डोकंच नाही! च्यायला, डोकं खाल्लं कुणी ते विचारा ना.

बंदी भिंतीकडं बघून केली, माणसाकडं बघून नाही. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टनं शिशाची विषबाधा 'कळवायलाच हवा' अशा रोगांत घातली होती. पण चार पोरांचं गॅरेज कायद्यानं कारखानाच नाही. मग कळवणार कोण, आणि कुणाला?

पर्याय नाही, असं सांगू नका. झिंक फॉस्फेटचे प्रायमर बाजारात मिळतात. फिलिपाइन्सनं 2019 च्या अखेरीपर्यंत कारखान्याच्या रंगालाही हीच 90 ची मर्यादा लावली. समुद्र तिथंही आहे, लोखंड तिथंही गंजतं.

ही सूट रद्द झाली पाहिजे. गॅरेजातल्या पोरांचं, नाक्यावरच्या रंगाऱ्यांचं रक्त सरकारी दवाखान्यात फुकट तपासलं पाहिजे. तोवर एक काम करा. आपापल्या वस्तीतल्या गॅरेजात जा, रंगाचे डबे बघा, डब्यावर शिशाबद्दल काय छापलंय, का काहीच नाही, ते वहीत उतरवून आणा. पुढच्या अंकात ते सगळं छापू.