खोकल्याची बाटली की बेडक्याची डबी?

मगरिबची नमाज झाली की आपल्या कुठल्याही मोहल्ल्यातल्या मेडिकलसमोर गर्दी वाढते. कामावरून परतलेला कारागीर, लेकराला कडेवर घेतलेली आई, अब्बांची बीपीची गोळी न्यायला आलेला पोरगा. "भाईजान, तीन हफ्ते झाले खोकला जात नाही, रात्री ताप येतो. काहीतरी चांगलं द्या ना." काउंटरवरून एक सिरप निघतं, पाच गोळ्यांची पट्टी निघते, पैसे दिले जातात. सगळं मिळून दोन मिनिटं.

या दोन मिनिटांत आपल्या घरातल्या एखाद्या माणसाचा टीबी लवकर सापडू शकतो, किंवा दोन महिन्यांसाठी लपूनही जाऊ शकतो. म्हणून आज आम्ही मेडिकलच्या काउंटरबद्दल बोलणार आहोत.

जगातल्या दर चार टीबी रुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे. २०२४ मध्ये देशात २६ लाखांच्या आसपास रुग्णांची सरकारदरबारी नोंद झाली. २०२५ पर्यंत टीबी संपवायचा, असं उद्दिष्ट २०१८ मध्ये जाहीर झालं होतं. ते साल आलं आणि गेलं, टीबी मात्र गेलेला नाही. गोवंडी, भिवंडी, मालेगावसारख्या दाट वस्त्यांत, जिथे एका खोलीत सात-आठ माणसं झोपतात आणि खिडकी असली तरी ती समोरच्या भिंतीवर उघडते, तिथे हा आजार सहज पसरतो. तो हवेतून पसरतो. धर्म विचारत नाही, पण कोंदट खोली बरोबर शोधून काढतो.

खोकला सुरू झाल्यापासून टीबीचं निदान होऊन उपचार सुरू व्हायला किती दिवस लागतात? भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१४ मध्ये घेतला गेला, तेव्हा हा काळ साधारण ५५ दिवसांचा निघाला. तोवर रुग्ण तीनेक ठिकाणी उपचार घेऊन आलेला असतो. यातलं पहिलं ठिकाण पुष्कळदा मेडिकलच असतं. कारण सोपं आहे. तिथे नंबर लावावा लागत नाही, रोजी बुडत नाही आणि डॉक्टरची फी वाचते.

मग काउंटरवर नेमकं काय होतं? २०१४-१५ मध्ये दिल्ली, मुंबई आणि पाटणा इथल्या ६२२ औषध दुकानांत अभ्यासकांनी तालीम दिलेले 'रुग्ण' पाठवले. काहींनी फक्त लक्षणं सांगितली: दोन-तीन आठवड्यांचा खोकला आणि ताप. यातल्या फक्त १३ टक्के वेळा दुकानदाराने अँटिबायोटिक किंवा स्टिरॉइड न देता डॉक्टरकडे जायला सांगितलं. ३७ टक्के वेळा अँटिबायोटिक दिलं गेलं. दुसऱ्या प्रकारच्या 'रुग्णां'नी मात्र बेडक्यात टीबीचे जंतू सापडल्याचा लॅबचा कागद दाखवला. तिथे योग्य सल्ला मिळण्याचं प्रमाण एकदम ६२ टक्क्यांवर गेलं. आणि टीबीची मुख्य औषधं चिठ्ठीशिवाय एकाही दुकानाने दिली नाहीत.

हे आकडे नीट वाचले तर दुकानदाराला शिव्या देण्याचं कारण उरत नाही. कागद समोर आला की तोच माणूस शहाण्यासारखा वागतो. म्हणजे अडचण नियतीपेक्षा तपासणीच्या अभावाची जास्त आहे. लक्षण समोर असतं, पण ते टीबीचं असू शकतं हे सांगणारं काही हातात नसतं. मग गिऱ्हाईक रिकाम्या हाताने पाठवायचं कसं, म्हणून पट्टी फाडली जाते.

ही पट्टी निरुपद्रवी नाही. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं टीबीच्या जंतूला काही दिवस दाबून ठेवतात. ताप उतरतो, घरचे शुक्र करतात आणि तपासणी राहून जाते. आतला जंतू मात्र त्या औषधाला सरावत जातो. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर याच गटातली औषधं लागतात. आज खोकल्यावर उधळलेली गोळी उद्या खरी गरज पडेल तेव्हा चालेनाशी होऊ शकते. स्टिरॉइडचंही तसंच. बरं वाटतं, पण आजार आत वाढत राहतो.

याच्या उलट टोकाला इंग्लंडचं उदाहरण आहे. ३१ जानेवारी २०२४ पासून तिथे 'फार्मसी फर्स्ट' योजना सुरू झाली. घसादुखी, कानाचा संसर्ग, सायनस, नागीण, कीटकदंशाचा संसर्ग, त्वचेवरचा इम्पेटायगो आणि स्त्रियांमधला साधा मूत्रमार्गाचा संसर्ग या सात तक्रारींवर तिथला फार्मासिस्ट डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तपासून औषध देऊ शकतो, गरज असेल तर अँटिबायोटिकसुद्धा. वर वर पाहिलं तर आपल्याकडे हेच रोज चालतं! पण फरक मोठा आहे. तिथल्या फार्मासिस्टसमोर लेखी नियमावली असते. घसा दुखतो म्हटल्यावर लक्षणांना गुण दिले जातात आणि ते कमी असतील तर अँटिबायोटिक मिळत नाही. झालेली नोंद रुग्णाच्या डॉक्टरकडे जाते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सल्ल्याचे पैसे सरकार देतं, सुरुवातीला दर सल्लामसलतीला १५ पौंड. औषध न देताही फार्मासिस्टची कमाई होते. आपल्याकडे गोळी विकली तरच पैसे, सल्ला फुकट. मग गोळी विकली जाते, यात नवल काय?

टीबी मात्र त्या सात आजारांत नाही आणि नसावाच. त्याचा उपचार किमान सहा महिने चालतो. आधी चार औषधं, नंतर तीन, आणि ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच. त्यामुळे "आपल्याही फार्मासिस्टला चिठ्ठी लिहिण्याचा हक्क द्या" अशी मागणी आम्ही करत नाही. जिथे अनेक दुकानांत सर्टिफिकेट भिंतीवर आणि फार्मासिस्ट भलतीकडेच असतो, तिथे तो हक्क काउंटरवरच्या पोऱ्याच्या हाती जाईल. महाराष्ट्रात २०१२ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे यावर सक्ती झाली, तेव्हा औषध विक्रेत्यांनी किती विरोध केला होता, हे अनेकांना आठवत असेल.

कायदे कमी नाहीत. १ मार्च २०१४ पासून टीबीची औषधं आणि काही महत्त्वाची अँटिबायोटिक 'शेड्यूल एच-१' मध्ये आहेत. ती विकताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि नग यांची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून ती तीन वर्षं जपावी लागते. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने तर टीबीचं औषध देणाऱ्या केमिस्टलाही रुग्णाची माहिती सरकारला कळवणं बंधनकारक केलं. पण हे दोन्ही नियम निदान झाल्यानंतरचे आहेत. निदानाआधीच्या त्या ५५ दिवसांसाठी काउंटरवर काहीच नाही.

तिथेच काम करायला हवं, आणि ते अवघड नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटतं वजन, रात्रीचा घाम, थुंकीत रक्त. हे पाच प्रश्न विचारायला अर्धं मिनिट पुरतं. एकाचंही उत्तर हो आलं, तर बाटलीच्या जागी बेडक्याची डबी आणि जवळच्या तपासणी केंद्राची चिठ्ठी द्यावी. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. गोव्यात तयार झालेलं 'ट्रूनॅट' यंत्र बेडक्यातला टीबी आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही, हे काही तासांत सांगतं. यंत्र आहे, औषध आहे. मधला दुवा हवा आहे, आणि तो गल्लीच्या तोंडाशीच उभा आहे.

मुंबईने याची चुणूक पाहिली आहे. २०१४ पासून काही वर्षं इथे खासगी डॉक्टर, लॅब आणि केमिस्ट यांना जोडणारा प्रकल्प चालला. रुग्णाला व्हाउचर मिळायचं आणि ते दाखवून तो नेहमीच्याच मेडिकलमधून टीबीची औषधं मोफत न्यायचा. केमिस्टचे पैसे प्रकल्प चुकते करायचा. म्हणजे पैशांची सोय लावली तर केमिस्ट सोबत येतो. आज रुग्ण नोंदवणाऱ्या खासगी डॉक्टरला प्रोत्साहन म्हणून ५०० रुपये मिळतात. संशयित रुग्णाला तपासणीपर्यंत पोचवणाऱ्या फार्मासिस्टलाही मोबदला वेळेवर आणि खटपटीशिवाय मिळाला पाहिजे. मोबदला पाठवण्याचा असावा. टीबी निघाला तरच पैसे, असं नको.

आता आपल्या घराकडे वळू. दोष फक्त काउंटरपलीकडे नाही. "डॉक्टर नको, स्ट्राँग गोळी द्या" असं म्हणणारेही आपणच असतो. मुलीला खोकला असेल तर "टीबी निघाला तर रिश्ता कसा यायचा" या भीतीने अम्मी तपासणी टाळते. हा आजार पूर्ण बरा होतो. लपवला तर मात्र ती मुलगीही जाते आणि घरातलं लहान लेकरूही आजारी पडतं. रमजानमध्ये रोजा राहण्यासाठी काहीजण टीबीच्या गोळ्या स्वतःच बंद करतात. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. गोळी चुकवण्याआधी डॉक्टरला विचारा, आणि मेडिकलवाल्या भाईजाननेही त्या महिन्यात हे आवर्जून सांगावं.

एक ताकद आपल्याच हातात आहे. पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये, औरंगाबादच्या डॉ. रफिक झकेरिया कॅम्पसमध्ये, अक्कलकुव्यात आणि नवीन पनवेलच्या अंजुमन-इ-इस्लामच्या कॅम्पसमध्ये फार्मसीची कॉलेजं आहेत. तिथून शिकून निघालेल्या मुला-मुलींनी आपल्या मोहल्ल्यातल्या दुकानांत जाऊन हे पाच प्रश्न शिकवले, जवळच्या केंद्राचा पत्ता काउंटरवर चिकटवला, तरी फरक पडेल. बुरखा घातलेली आई पुरुष डॉक्टरला जे सांगायला लाजते, ते फार्मासिस्ट मुलीला सांगेल.

निदान झालेल्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये मिळतात. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा टोल फ्री नंबर आहे. तो फ्रिजवर लिहून ठेवा.

आणि पुढच्या वेळी खोकल्यासाठी मेडिकलवर गेलात, तर किती दिवसांचा खोकला आहे, हे त्याने विचारायच्या आधी तुम्हीच सांगा. दोन आठवडे उलटले असतील तर बाटली मागू नका. विचारा, "भाईजान, बेडका तपासायला कुठे जाऊ?"