ट्यूब लावण्याआधी

आमच्या वस्तीत गजकर्ण झाले की मेडिकलमधून ट्यूब येते. तीच मुली गोरेपणासाठी तोंडाला लावतात. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसले तर आत स्टेरॉईड आहे असे समजावे. खाज थांबते, पण गजकर्णाची बुरशी पसरत राहते. चेहऱ्याची कातडी पातळ व लाल होते, मुरुमे, लव येते.

इसबावर डॉक्टरांनी दिले तर जरूर वापरावे. बोटाच्या टोकाच्या पेराइतके मलम बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. बरेच दिवस लावले असेल तर एकदम बंद न करता सरकारी दवाखान्यात दाखवावे. अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास २०१८ साली सरकारने मनाई केली. दुकानदाराला ते ऐकवावे.

सावळा रंग हा आजार नाही. त्याला औषध कशाला?