काटकसरीचा हिशेब कोणी चुकता केला?

समुद्रमार्गे शत्रूच्या किनाऱ्यावर फौज उतरविणे म्हणजे केवळ शौर्याचा प्रश्न, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. क्रमिक पुस्तकांत चढाईचे वर्णन असते. चढाईस लागलेल्या होड्यांचा हिशेब नसतो. वस्तुतः अशी स्वारी ही प्रथम वाहतुकीची आणि म्हणूनच अर्थकारणाची बाब असते. जहाजातून उतरलेल्या फौजेच्या पाठीशी फक्त पाणी असते. तिची प्रत्येक गोणी, प्रत्येक काडतूस आणि प्रत्येक जखमी शिपाई बोटीनेच न्यावा-आणावा लागतो.

आपल्याच जिल्ह्याचे नाव धारण करणाऱ्या एका फौजेने हा धडा फार महागात गिरविला. पहिल्या महायुद्धात इराकमध्ये प्रथम उतरली ती सहावी, म्हणजेच ‘पुणे’ डिव्हिजन. तिची सोळावी ब्रिगेड ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबई बंदरातून निघाली. तीत ११७ वी मराठा पलटण होती. ५ नोव्हेंबरला ब्रिटनने तुर्कस्तानाशी युद्ध पुकारले आणि दुसऱ्याच दिवशी नौदलाच्या तोफांच्या आडोशाने ही फौज फाव येथे उतरली. अबादानचे तेल सुरक्षित राखणे हा मर्यादित हेतू होता. नोव्हेंबर संपण्यापूर्वी बसरा हाती आले. येथवर योजना आणि साधने यांचा मेळ होता.

पुढे तो सुटला. बसऱ्यास मोठी जहाजे लागतील असा धक्का नव्हता; नदीत नांगर टाकून माल देशी होड्यांत उतरवावा लागे. वर बगदादकडे जाण्यास रेल्वे नव्हती, पक्की सडक नव्हती. टायग्रिस नदी हाच रस्ता, आणि तिच्या उथळ पात्रात चालतील अशा आगबोटी मोजक्याच. येथे साधे अंकगणित लक्षात घ्यावे. अंतर दुप्पट झाले की तितक्याच दिवसांत एका बोटीच्या फेऱ्या निम्म्या होतात. फौजही दुप्पट केली तर बोटी चौपट लागतात. अवसरी बुद्रुकच्या शेतकऱ्यास हे कोणी शिकवावयास नको. बटाटा काढून बांधावर ठेवला, पण मंचरच्या बाजारात न्यावयास गाडी नाही, तर पीक चांगले येऊनही पदरात काही पडत नाही, हे तो जाणतो.

मात्र हेच अंकगणित सिमल्याच्या आणि लंडनच्या कचेऱ्यांत दुर्लक्षिले गेले. १९१५ मध्ये जनरल टाउनशेंड यांची फौज अमारा, कूत असे टप्पे घेत वर सरकत राहिली. सेनापती जनरल निक्सन यांनी आणखी बोटी मागितल्या. त्या वेळेवर आल्या नाहीत. आगेकूच मात्र थांबली नाही. नोव्हेंबरात टेसिफॉनच्या लढाईत सुमारे साडेचार हजार माणसे मेली वा जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीवर आणावे लागले. मग कूतला वेढा पडला. कुमकेस आलेली पुष्कळशी फौज बसऱ्यात खोळंबली, कारण तिला पुढे नेण्यास बोटी नव्हत्या. सुटकेच्या प्रयत्नांत सुमारे तेवीस हजार माणसे कामी आली वा जखमी झाली. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार जणांनी शरणागती पत्करली. त्यांत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या.

यावर एक प्रामाणिक आक्षेप संभवतो. हिंदुस्थानसारख्या दरिद्री देशाच्या तिजोरीने साम्राज्याच्या युद्धासाठी हात आखडता घेतला, तर त्यात गैर काय? गैर काहीच नाही. परंतु मग उद्दिष्टही बसऱ्यापुरतेच ठेवावयास हवे होते. उद्दिष्ट वाढवावयाचे आणि साधने मात्र छाटावयाची, याला काटकसर म्हणत नाहीत. तो खर्च वाचलेला नसतो. तो खजिन्याच्या वहीतून पुसून शिपायाच्या देहावर लिहिलेला असतो. १९१७ साली चौकशी आयोगाने या कारभारावर कठोर ताशेरे ओढले आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. गेलेली माणसे अर्थातच परत आली नाहीत.

दोष सैनिकांत नव्हता, याचा पुरावा त्याच भूमीवर मिळाला. धक्के बांधले गेले, रूळ टाकले गेले, बोटी वाढल्या. जनरल मॉड यांच्या हाताखालील फौजेने, जीत भारतीय सैनिक मोठ्या संख्येने होते, ११ मार्च १९१७ रोजी बगदाद घेतले. दुसऱ्या महायुद्धातही ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीत दीड लाखावर सैनिक उतरविण्यापूर्वी वर्षाहून अधिक काळ आखणी चालली होती, आणि तेथे बंदर हाती नव्हते म्हणून कृत्रिम बंदरांचे भागच समुद्रातून ओढून नेण्यात आले.

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. तेथे अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य भारतीय शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या दिली गेली. ज्यांनी आयुष्य देऊन तूट भरून काढली, ते हिशेबात आकडाच राहिले. एखाद्या भव्य योजनेची घोषणा होते तेव्हा नागरिकांनी, विशेषतः अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, तिचे उद्दिष्ट ऐकून थांबू नये. बोटी किती आहेत, हे विचारावे. आणि त्या कमी असतील तर वाचवलेल्या पैशाचे बिल कोणाच्या नावे फाटणार, हेही विचारावे.