प्रेमाची झिलई

एका कलारसिक विद्वानांचा सिद्धान्त असा, की एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय धनिकांनी घरोघर अरबी दालने आणि तुर्की धूम्रपानकक्ष थाटले ते पूर्वेच्या कलेवरील निखळ प्रेमापोटी. शिवाय, त्यांनी पूर्वेकडच्या वस्तू नेल्या नसत्या तर आपल्या लोकांनी त्या मातीत घातल्या असत्या. आता आभाराचा ठराव तेवढा राहिला!

हे प्रेम लंडनच्या लेटन हाउसमध्ये पाहावे. चित्रकार फ्रेडरिक लेटन यांनी १८७७ ते १८८१ या काळात घराला ‘अरब हॉल’ जोडला. नमुना पालेर्मोच्या झिसा महालाचा, म्हणजे सिसिलीच्या नॉर्मन राजांचा. टाइल बऱ्याचशा दमास्कसच्या. प्रवासी रिचर्ड बर्टनसारख्या स्नेह्यांकरवी मिळवलेल्या. जिथे कमी पडल्या तिथे विल्यम डी मॉर्गननी नव्या घडवल्या. मोझेकचा पट्टा वॉल्टर क्रेनचा, मधोमध कारंजे. दालन देखणे आहे, वादच नाही. पण कोणत्या भिंती उघड्या पडल्या तेव्हा ही भिंत सजली, हे ते दालन सांगत नाही. टाइलांवर कुराणातल्या आयतीही आहेत. श्रद्धेने वाचायची ओळ संध्याकाळच्या पाहुण्यांपुढे नक्षी होऊन बसली. उद्या कोणी आपल्या देवघराची चौकट काढून दारूच्या कपाटाला बसवली आणि म्हणाला, ‘केवढा माझा भक्तिभाव!’ तर विद्वान टाळ्या वाजवतील का? बहुधा वाजवतील.

जतनाचे म्हणाल तर, भिंत सोलून टाइल वाचवणे हे अजब जतन. आणि १८७५ साली रीजंट स्ट्रीटवर लिबर्टीचे पूर्वेकडच्या मालाचे दुकान उघडल्यावर हे प्रेम रोखीनेही मिळू लागले.

‘साहेबाने आमची कारागिरी वाचवली’ हा वाद आमच्याकडेही जुना. त्या वादात मी एकदा विचारले होते, गिऱ्हाईक आधी बुडवले कोणी? उत्तर आले नाही. माझ्या शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या निघाल्या.

खंडन झाले; मग मंडन कशाचे? ऑस्बोर्न हाउसच्या दरबार दालनाचे. व्हिक्टोरिया राणीचे ते मेजवानीचे दालन घडवायला लाहोरचे भाई राम सिंह स्वतः इंग्लंडला गेले. सुतारांच्या घराण्यातले; गुरू लॉकवुड किपलिंग, जे पूर्वी मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवत. शेकोटीवरचा प्लास्टरचा मोर पाहावा. साम्राज्याचा डामडौल तिथेही आहेच. पण नक्षी ठरवणारा माणूस तिथे हजर होता, आणि १८९२मध्ये राणीच्या चित्रकाराने, रुडॉल्फ स्वोबोडाने, त्याचे चित्रही काढले. प्रेम म्हणायचेच असेल तर याला म्हणावे, आणि तेही हात राखून.