उंबरठ्याअलीकडचे घर

झाडावरून, विहिरीत किंवा मोटारसायकलवरून पडून मज्जारज्जूला इजा झालेला हिंगोलीकडचा शेतकरी दवाखान्यातून गावी येतो, तो घराच्या दारापर्यंतच. पुढे दीड फुटाचे जोते, उंबरठा आणि दोन फुटांचे संडासाचे दार. चाकाची खुर्ची सव्वादोन फुटांच्या आसपास! मग बायकोने त्याला पाठुंगळी घ्यायचे, दिवसरात्र.

२०१६च्या अपंग हक्क कायद्याने घरकुल योजनांत पाच टक्के आरक्षण दिले. यादीत नाव लागले, की सरकारचे समाधान होते. पण एक फूट चढायला बारा फूट उतरण लागते. दीड फुटाला अठरा. ती वळवायची की जोतेच बेताचे ठेवायचे, हे पाया खणण्याआधी ठरवावे लागते. नंतर फोडाफोड परवडत नाही.

खडकीला जखमी जवानांसाठी १९७४पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. शेतात पडलेल्याने कुठे जावे?

बांधकाम पाहूनच हप्ता सोडायचा, हा आम्हा बँकवाल्यांचा जुना शिरस्ता. घरकुलाचे हप्तेही टप्प्याटप्प्यानेच सुटतात. मग अशा लाभार्थ्याच्या घरी जोत्याच्या वेळी उतरणीचे आणि पुढच्या हप्त्याआधी दारांचे माप अभियंत्याने घ्यावे, असा ठराव ग्रामसभेने करावा. मोजायला टेप लागतो, नवा कायदा नव्हे.